एका पैशाचे भांडवल

तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली उभ्या राहिलेल्या काचकारखान्याचा उल्लेख टिळकयुगाची पार्श्वभूमी शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे एका वाक्यात उरकत आलो आहोत. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून निधी जमवला, लोकमान्यांनी त्या कार्यामागे आपले वजन उभे केले, त्या ‘पैसाफंडा’तून कारखाना निघाला, पुढचा मुद्दा घ्या. दोन वर्षांपूर्वी हे वाक्य आमच्याच अंगावर आले.

मराठी घेऊन बी.ए. झालेला आमचा एक जुना विद्यार्थी विभागात आला. जुन्नरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. पदविकाधारक मित्राच्या साहाय्याने त्याने कांदाचाळीत बसवायचे एक छोटे यंत्र बनवले होते. चाळीच्या पोटात ऊब वाढू लागली की ते इशारा देई. बीजभांडवलासाठी एका संस्थेकडे अर्ज करायचा होता आणि अर्ज इंग्रजीत होता. ‘सर, भाषा तेवढी बघा.’ आम्ही दोघा सहकाऱ्यांनी ती बघितली. त्याने लिहिले होते की, आपला बाप रात्री उठून चाळीत हात घालून कांद्याची ऊब पाहतो, तो हात आपल्याला सोडवायचा आहे. ते वाक्य आम्हांस भाबडे वाटले. ते काढून तेथे बाजारपेठेचा विस्तार, कोटींचे आकडे, असे भारदस्त काही घातले.

मुलाखतीचे बोलावणे आले. ‘हे तुम्हांला सुचले कसे?’ असे पहिल्याच प्रश्नात विचारले गेले. तो म्हणाला, ‘सर, माझे उत्तर अर्जात नव्हतेच. ते सांगावे की नाही, हेच कळेना.’ निवड झाली नाही. झाली असतीच, असा आमचा दावा नाही. परंतु त्याचे तोंड बंद करण्याचे काम आम्ही केले, हे नाकारता येत नाही.

त्यानंतर आम्ही पैसाफंडाकडे नव्याने पाहू लागलो. तेव्हाच्या रुपयाचे पैसे चौसष्ट. त्यातला एक देणाऱ्याला नफ्यातला वाटा मिळणार नव्हता. आपला पैसा कशासाठी जातो, एवढे मात्र त्याला त्याच्या भाषेत सांगितलेले असे. आणि हा निधी नुसता वाटला गेला नाही. परदेशात काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे कारखान्याची धुरा सोपवली गेली, आणि तेथे तयार झालेले कारागीर पुढे देशातल्या इतर काचकारखान्यांत गेले. पैसा, शिक्षण आणि जाणत्याचा हात ही तिन्ही एका छपराखाली होती. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर औंध संस्थानाचा आधार मिळाला तो जमीन आणि कर्ज या रूपाने. तेथे देणारा राजा होता. तळेगावात देणारे अनेक होते, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

आज साधने कमी नाहीत. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर २००७ साली सुरू झाले. केंद्र सरकारच्या २०२१ च्या बीजनिधी योजनेत कल्पना सिद्ध करून पाहण्यासाठी वीस लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद होती. पुण्यात शिकणाऱ्या एका नायजेरियन विद्यार्थ्याने आम्हांस टोनी एलुमेलू प्रतिष्ठानाविषयी सांगितले. २०१५ पासून ते आफ्रिकेतील नवउद्योजकांना प्रशिक्षण, मार्गदर्शक आणि परतफेड नसलेले पाच हजार डॉलर देत आले आहे. तीच तीन अंगे! लागोसच्या त्या तरुणालाही अर्ज लिहिताना घरची भाषा बाजूला ठेवावी लागते काय, असे आम्ही विचारले. तो हसला आणि म्हणाला, ‘पहिला मसुदा आईला वाचून दाखवतो. तिला कळला तर पाठवतो.’

हे आम्हांस, मराठीच्या अध्यापकांस, सुचायला हवे होते.

आमचा विद्यार्थी सध्या चाकणला नोकरी करतो. यंत्र वडिलांच्या चाळीत लटकलेले आहे आणि चालते, असे तो सांगतो. आता कोणी अर्ज घेऊन आले की आम्ही कागद बाजूला ठेवतो आणि म्हणतो, ‘आधी तोंडाने सांग.’ ते ऐकताना लेखणी हाती घेत नाही.