नाव तेवढे सांगा

मोफत सिनेमा म्हटला की आम्हा किहीमकरांच्या मनात पहिला प्रश्न येतो: शेवटी हे विकणार काय? दंतमंजन की विमा? म्हणून भाच्याने आमच्या वाडीत चादर बांधून गावाला फुकट चित्रपट दाखवायचे ठरवले, तेव्हा मीही कुंपणाशी संशयाने उभा राहिलो.

"मामा, विकायचं काही नाही. करणाऱ्यांनीच हे सर्वांसाठी मोकळे सोडलेत. दाखवा, वाटा, हवे तर बदलासुद्धा."

"आणि अट?"

"एकच. करणाऱ्याचं नाव सांगायचं."

ते वाक्य मला लागले. का, ते सांगतो.

१९७१ च्या गणपतीत आम्ही पोरांनी एक नाटक बसवले होते. लेखक तालुक्यातलेच एक शाळामास्तर. प्रयोगाचे मानधन दहा रुपये. ते आम्हाला पेट्रोमॅक्सच्या भाड्याला हवे होते! तेव्हा नाटकाचे नाव बदलले आणि हस्तपत्रकावरचे लेखकाचे नाव मी माझ्या हाताने गाळले. पडदा वर गेला, तो मास्तर तिसऱ्या रांगेत! प्रयोग संपल्यावर ते आत आले. "काम छान केलंस," एवढेच म्हणाले आणि छत्री उचलून अंधारात चालू लागले. रागावले असते, तर मी केव्हाच विसरलो असतो. पुढे माझ्यापाशी दहा रुपये आले, तोवर मास्तर राहिले नव्हते.

असो. पोरांना खेळ कोजागिरीला हवा होता. पण चांदण्यात पडद्यावर दिसणार काय? पंचांग पाहून वसुबारसेच्या आदल्या रात्री, चंद्र उगवण्याआधीची वेळ धरली. दोन पोफळींना चादर बांधली.

पहिला चित्रपट 'बिग बक बनी'. अ‍ॅम्स्टरडॅमच्या ब्लेंडर संस्थेने २००८ साली काढलेला, जेमतेम दहा मिनिटांचा. एक लठ्ठ, गरीब ससा आणि त्याची खोडी काढणारे तीन वात्रट प्राणी. संवाद एकही नाही, त्यामुळे भाषेची अडचण नाही. समुद्रावरचा वारा चादरीत शिरला की आधीच लठ्ठ असलेला ससा आणखी फुगे, आणि पोरे लोळून हसत. चित्रपट तयार होण्याआधीच लोकांनी त्याच्या डीव्हीडीचे पैसे आगाऊ भरून खर्चाला हातभार लावला होता, असे भाच्याने सांगितले. चित्रांचे कच्चे कामही त्यांनी वाटून टाकले. म्हणजे लाडवाबरोबर कृतीही! आपल्या कायद्याने चित्रपटाचा हक्क साठ वर्षे राखलेला असतो. इथे मालकानेच आपण होऊन दार उघडले, फक्त दारावरची पाटी तेवढी ठेवली.

मग २०१० चा 'सिंटेल'. एक मुलगी हरवलेल्या ड्रॅगनच्या पिल्लाला शोधत रानोमाळ हिंडते. अखेर एका मोठ्या ड्रॅगनला मारते आणि तेव्हा तिला कळते की, हाच तो आपला. पोरे गप्प झाली. मला तर पडद्यावर छत्रीच दिसू लागली.

नावे सरकू लागताच मंडळी चटया झटकत उठली.

"बसा," मी ओरडलो. "तिकिटाचे पैसे द्यायचे राहिलेत!"

सगळे दचकून बसले. मी बॅटरीच्या उजेडात भाच्याच्या कागदावरची नावे वाचू लागलो. सशाचे दिग्दर्शक साशा गोडेगेबुरे. इथे जीभ दोनदा अडखळली. 'सिंटेल'चे कॉलिन लेव्ही. निर्माते टॉन रोझेंडाल. कागद संपला. मग कागदावर नसलेले एक नाव मी घेतले.

"यांचा कुठला सिनेमा?" मागून एका म्हाताऱ्या आजींनी विचारले.

"सिनेमा नाही, आजी. एकाहत्तर साली गणपतीत आम्ही केलं होतं ना, ते नाटक यांचं."

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या.

"अरे, मग तेव्हाच नाही का सांगायचं!"