गांजेकस आणि बंदूक

गांजा आणि बंदूक या दोन्ही वस्तूंशीं माझा आजवर कधीं संबंध आला नाहीं, आणि वयाचीं पंचावन्न वर्षें उलटल्यावर तो यावा अशी इच्छाहि नाहीं. तरीपण गेले कांहीं महिने रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं मी अमेरिकन न्यायालयांचीं निकालपत्रें वाचीत असतों, आणि तीं या दोन वस्तूंविषयींच असतात. कारण घडलें तें असें. कोलोरॅडो संस्थानांत नोकरी करणारा माझा एक जुना विद्यार्थी दिवाळींत भेटावयास आला असतां सहज म्हणाला, "सर, आमच्या रस्त्यावर गांजाचें दुकान आहे आणि बंदुकांचेंहि आहे. दोन्ही उघड, दोन्हींवर पाट्या. पण एकाचें गिऱ्हाईक झालेल्यानें दुसऱ्याची पायरी चढावयाची नाहीं, असा कायदा आहे." मी इतिहास शिकवितों, असली विसंगति दिसली कीं तिचें मूळ शोधल्यावांचून मला राहवत नाहीं.

मूळ फार खोल नव्हतें. 1968 सालीं मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनीं तो देश हादरला होता. त्या वर्षींच्या शस्त्रकायद्यांत मादक द्रव्यांचें बेकायदा सेवन करणारास बंदुकीपासून दूर ठेवणारें कलम आलें. 1970 च्या कायद्यानें गांजा अत्यंत कडक निर्बंधाच्या यादींत गेला. पुढें 1996 सालीं कॅलिफोर्नियानें औषधादाखल आणि 2012 सालीं कोलोरॅडो व वॉशिंग्टन यांनीं शौकादाखल गांजा खुला केला. परंतु संस्थानची परवानगी ती मध्यवर्ती सरकारची परवानगी नव्हे. दुकानांतून बंदूक घेतांना भरावयाच्या छापील अर्जांत गांजासंबंधीं प्रश्न असतोच, आणि संस्थानांत तो कायदेशीर असला तरी आमच्या लेखीं बेकायदाच, अशी तंबीहि असते. म्हणजे खरें बोलणारा रिकाम्या हातानें परततो आणि खोटें बोलणारा, निदान पकडला जाईपर्यंत, बंदूक घेऊन घरीं जातो!

नेव्हाडांतील एका बाईची हकीकत तर मला फारच चमत्कारिक वाटली. तिच्यापाशीं औषधी गांजाचें ओळखपत्र होतें. गांजा मात्र आपण ओढीत नाहीं, असें तिचें म्हणणें. 2011 सालीं बंदूक घ्यावयास गेली असतां तिनें त्या प्रश्नापुढील जागा कोरी ठेविली. दुकानदारास ओळखपत्राची माहिती होती; त्यानें बंदूक नाकारली. 2016 सालीं वरिष्ठ न्यायालयानें तिचें म्हणणें खरें धरूनहि निकाल तिच्याविरुद्धच दिला.

2022 च्या जूनमध्यें वारें फिरलें. न्यूयॉर्कच्या एका दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, शस्त्रावरील निर्बंध आज हितकर आहे एवढें दाखवून भागणार नाहीं. त्यास राष्ट्राच्या जुन्या परंपरेंत आधार पाहिजे. मग काय विचारतां! सरकारी वकील जुन्या दप्तरांत शिरले. गांजेकसांविषयीं त्या काळीं कायदेच नव्हते, म्हणून दारुड्यांचा शोध सुरू झाला. व्हर्जिनियाचा 1655 सालचा एक कायदा हातीं लागला: मद्यपानाच्या वेळीं बंदुका उडवूं नयेत, अपवाद, लग्न आणि अंत्यविधि. (हा अपवाद घालणारा गृहस्थ मोठा व्यवहारज्ञ असला पाहिजे.) पण हे कायदे बोलतात तें दारू चढलेल्या घटकेविषयीं. सकाळीं शुद्धीवर आलेल्या माणसाच्या घरांतून बंदूक उचलून न्यावी, असें त्यांत कोठें आहे? मिसिसिपींतील एका इसमाच्या मोटारींत गांजाचीं थोटकें व दोन बंदुका सांपडल्या. तो त्या वेळीं धुंदींत होता कीं नाहीं, हें कोणीं तपासलेंच नाहीं. शिक्षा मात्र जवळजवळ चार वर्षांची झाली. 2023 सालीं वरिष्ठ न्यायालयानें ती रद्द केली. 2024 सालीं सर्वोच्च न्यायालयानें दुसऱ्या एका प्रकरणांत, जुना कायदा हुबेहूब जुळलाच पाहिजे असें नाहीं, तत्त्व जुळलें म्हणजे झालें, असें सांगितलें. तरीहि 2025 च्या जानेवारींत त्याच वरिष्ठ न्यायालयानें ती शिक्षा पुन्हा रद्द केली.

बंदुकीविषयीं मला यत्किंचितहि प्रेम नाहीं. 2021 या एका वर्षांत अमेरिकेंत बंदुकीनें 48,000 हून अधिक माणसें मेलीं; त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या. ज्या घरांत कोणी व्यसनानें खचला आहे त्या घरांत बंदूक नसावी, असें तेथील एखाद्या मातेस वाटलें तर तिला परंपरेचे दाखले कोणत्या तोंडानें द्यावे? तथापि गांजा ओढणारा तेवढा मुळांतच धोक्याचा, हें गृहीत मला पटत नाहीं. इंग्रज सरकारनें हाच प्रश्न आपल्याकडे विचारला होता. 1893-94 च्या चौकशी-मंडळानें 1193 साक्षी घेतल्या, आणि गांजाचा गुन्हेगारीशीं संबंध फारसा नाहीं असा अभिप्राय दिला. आजचा दुकानी गांजा पन्नास वर्षांपूर्वींच्यापेक्षांहि पुष्कळ तीव्र आहे, हें मला मान्य आहे. पण मग माणूस कोणत्या स्थितींत होता व त्यानें काय केलें, हें विचारा. तो कोणत्या जातीचा व्यसनी, एवढ्यावर तुरुंग कसला?

आणखी एक गंमत. बायडेन यांचें सरकार न्यायालयांत या कलमाचा कैवार घेत असतां, 2024 च्या जूनमध्यें त्यांचाच पुत्र त्याच कलमाखालीं दोषी ठरला. त्याचें व्यसन कोकेनचें. डिसेंबरांत पित्यानें माफी दिली. नंतर आलेलें ट्रंप यांचें सरकार एरवीं बंदूकवाल्यांचें कैवारी, पण या कलमापुरतें तेंहि पूर्वीच्याच बाजूस उभें राहिलें. 2025 च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें टेक्सासांतील एक प्रकरण सुनावणीस घेतलें. आरोपी एक दिवसाआड गांजा ओढणारा. या खेपेस सरकारनें पुढें केले ते जुन्या काळचे 'हमेशाचे दारुडे', ज्यांना कोंडून ठेवण्याचे कायदे पूर्वीं होते. एक दिवसाआड म्हणजे हमेशा काय, हा प्रश्न मीं माझ्या वर्गांत घातला. तासभर वाद झाला, आणि घंटा झाल्यावरहि मुलें उठेनात.