नातवाची गाडी आणि माझा सल्ला

शेतकऱ्याला सल्ला देणे हा माझा धंदा. बी.एस्सी. कृषी होऊन खात्यात लागलो, त्याला आता तीस वर्षे होत आली. बांधावर उभे राहून 'असे करा, तसे करू नका' हे सांगण्यात सारी उमेद गेली. पण आपला सल्ला चुकला तर काय करायचे, हे मात्र मला गेल्या हिवाळ्यात एका आठ वर्षांच्या मुलामुळे शिकावे लागले. तो मुलगा म्हणजे माझा नातू.

माझी थोरली मुलगी जावईबापूंबरोबर कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, शेरब्रुक शहरी असते. तिच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता जानेवारीत तिकडे गेलो. नात झाली. सगळे घर बाळाभोवती गोळा झाले आणि थोरला बिचारा एकटा पडला. त्याची शाळा फ्रेंच. मराठी समजते, पण बोलताना अडखळतो. आजोबा-नातवाने बोलायचे तरी कशावर? विषय मिळाला तो त्याच्या रिमोटच्या ट्रकमुळे.

हा ट्रक म्हणजे जत्रेतले खेळणे नव्हे. वजन तीन किलो, चारही चाकांना जोर, आत विजेची मोटार आणि बॅटरी. वाढदिवसाचे पैसे साठवून त्याने तो घेतला होता. परंतु बाहेर गुडघाभर भुसभुशीत बर्फ. गाडी दोन हात गेली की चाके जागच्या जागी फिरत आणि गाडी पोटावर बसे. पहिल्या पावसात काळ्या रानात बैलगाडी रुतावी, तशी. यावर उपाय म्हणून जावईबापूंनी चाकांच्या जागी बसवायचे चार पट्टे आणले होते. आपल्याकडे पोकलेनला चेन असते ना, तशीच चेन. फक्त रबराची आणि वीतभर लांब.

मला हुरूप आला. चिखलात फळी टाकून तिच्यावर उभे राहिले तर पाय रुतत नाही, हे मी त्याला सांगितले. मग दोघांनी पट्टी घेऊन मोजमाप केले. एक चाक जमिनीला टेकते ते सुमारे २० चौरस सेंटिमीटर, चार चाके मिळून ८०. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साडेसदतीस ग्रॅम भार. चेन लावल्यावर गाडीचे वजन चार किलो झाले, पण टेकणारी जागा झाली ३८४. भार आला साडेदहा ग्रॅमच्या आत. वजन वाढले आणि तरी दाब पावपट झाला! पोराचे डोळे चमकले.

चेनबरोबर एक माहितीचा कागद होता. नातू म्हणाला, "आबा, हे वाचायचं?" मी म्हटले, "अरे, त्यात काय वाचायचंय? मी आयुष्यभर ट्रॅक्टर बघतोय." झाले! गाडी बर्फावर अशी तरंगत निघाली की पोरगा टाळ्या पिटू लागला. मी म्हटले, "घाल त्या मोठ्या ढिगात!" पाच-सात मिनिटे गेली असतील. गाडी थांबली आणि जळका वास आला. मोटार गेली होती.

पोरगा रडला नाही. गाडी उचलून मुकाट्याने आत गेला. मी मागून म्हणालो, "मोटारच हलकी असणार."

हे शब्द तोंडातून गेले आणि मी चपापलो. हेच शब्द मी वीसेक वर्षांपूर्वी रायगड जिल्ह्यातल्या एका भाताच्या खाचरात उच्चारले होते. तिथल्या एका शेतकऱ्याचा पॉवर टिलर चिखलणीत रुतत होता. मी त्याला सांगितले, यंत्राबरोबर आलेली लोखंडी चाके काढून त्यांहून मोठी आणि रुंद बनवून घ्या. त्याने ऐकले. टिलर रुतायचा थांबला, पण वाढलेला ताण गिअरबॉक्सने सोसला नाही. ऐन लावणीत तो फुटला. दुरुस्तीचा खर्च तर झालाच, शिवाय रोपे वाफ्यातच वाढून गेली आणि लावणीला उशीर झाला. 'यंत्रच हलके असणार,' असे म्हणून मी मोकळा झालो. पुढे त्या गावावरून जायचे झाले, तर मी दुसरा रस्ता धरू लागलो.

त्या रात्री मी तो माहितीचा कागद वाचायला घेतला. त्यात स्वच्छ लिहिले होते की, चेन ओढायला मोटारीला फार जोर लागतो, तेव्हा मोटारीच्या दांड्यावरचे दातेरी चाक आधी लहान बसवा.

सकाळी नातवाला जवळ बसवले. म्हटले, "बाळा, चूक मोटारीची नव्हती, माझी होती."

त्याने विचारले, "मग तू कागद का नाही वाचलास, आबा?"

"मला सगळं येतं, असं वाटलं."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा पण असंच करतो." आणि खुदकन हसला.

नवी मोटार मी मागवली. ती येईपर्यंत जावईबापू आम्हाला जवळच्या व्हालकूर गावी घेऊन गेले. बर्फावर चेनच्या गाड्या चालवणारे जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए तिथलेच. त्यांचे जुने गॅरेज आता संग्रहालयात जपून ठेवले आहे. १९२२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांनी बर्फावर चालणारे पहिले यंत्र बनवले. वडिलांनी धोका ओळखून ते मोडायला लावले. पुढे १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने गेला. रस्ते बर्फाने बंद, आणि त्यांचे यंत्र अजून चालण्याजोगे नव्हते. रुग्णालय होते ते शेरब्रुकला. आमची नात जिथे सुखरूप जन्मली, त्याच शहरी! बायकोने बाळाची दुपटी आणखी घट्ट केली. त्या माणसाने चेन आणि ती फिरवणारे दातेरी चाक यांचा मेळ बसवला आणि १९३७ साली पेटंट मिळवले. पहिल्या यंत्रापासून पंधरा वर्षे प्रयोग केले, तेव्हा कुठे सात माणसे नेणारी गाडी झाली.

मोटार आली. या खेपेला नातू कागद वाचून मला मराठीत सांगायचा आणि मी पाना चालवायचा, असे ठरले. त्याला शब्द सापडेना तेव्हा मी सुचवी. १८ दात्यांचे चाक काढून १३ दात्यांचे बसवले. वेग कमी झाला, पण जोर वाढला. चेन वळवायला जड जाते, म्हणून पुढची चाके वळवणारी छोटी मोटारही दणकट घातली. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून ती निघेपर्यंत कोटाच्या आतल्या खिशात ठेवायची. दर पाच मिनिटांनी थांबून मोटारीला बोट लावायचे. बोट टिकत नसेल तर विश्रांती. आणि गाडी घरात आणण्याआधी दाराबाहेरच बर्फ झाडून टाकायचा, नाहीतर तो आत वितळून तारांत पाणी जाते. गाडी त्या हिवाळ्यात पुन्हा बंद पडली नाही.

मार्चमध्ये परत आलो आणि पहिल्याच रविवारी त्या रायगडच्या गावाची वाट धरली. तो शेतकरी आता थकला आहे. ओटीवर बसलो आणि सगळे सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, चाकं मोठी झाली ते माझ्या तेव्हाच ध्यानात आलं होतं. तुमचा राग नव्हता. तुम्ही परत याल म्हणून वाट बघितली, एवढंच."

मंडळी, यंत्राला नवे काही जोडायचे असेल तर वाढणारा भार कुठे जाणार, ते आधी पाहा आणि सोबतचा कागद जरूर वाचा. आणि माझ्यासारख्या साहेबाचा सल्ला चुकला, तर त्याला घरी बोलावून सांगा. साहेब रस्ता बदलत असेल, तर तुम्ही त्याला हाक मारा.