ड्रॉइंगबाहेरच्या धमन्या

सणसवाडीच्या कारखान्यांत सुटा भाग ड्रॉइंगप्रमाणे उतरला नाही, की रिजेक्ट होतो. डिसेक्शन हॉलमध्ये वैद्यकीची मुले देहही असाच चित्राशी ताडून बघतात; मला त्यांची ही सवय मोडावी लागते. पुस्तकातल्या चित्रात प्रत्येक मूत्रपिंडाला एक धमनी, एक शीर. टेबलावर मात्र साधारण चारांतल्या एका देहात, निदान एका बाजूला, दुसरी धमनी निघते.

चरबीतून बारीक दोरा खालच्या टोकाकडे गेलेला दिसला, की चिमटा तो उपटायला सरसावतो. मी म्हणतो, थांब. आधी त्याचा उगम बघ, मग शेवट. मिटलेली कात्री चरबीत घाल आणि तिथे उघड. धार वापरू नकोस.

गर्भात मूत्रपिंड ओटीपोटात घडते आणि वर सरकत जाते. वाटेत ते नव्या धमन्यांतून रक्त घेते, जुन्या मिटतात. एखादी मिटायची राहिली, तर ती जन्मभर काम करत राहते. तिला वरकड समजून बांधणे महागात पडते. ग्रेव्ह्ज या संशोधकांनी १९५४ मध्ये रक्तपुरवठ्यानुसार मूत्रपिंडाचे पाच भाग दाखवले. एका भागाची धमनी बंद झाली, तर शेजारची मदतीला येत नाही; तेवढा भाग मरतो.

खालच्या टोकाची धमनी कधी मूत्रवाहिनीच्या सुरुवातीला आडवी जाते. मग लघवी तुंबून मूत्रपिंड फुगू शकते. अनेकदा ती मूत्रवाहिनीलाही रक्त देते. प्रत्यारोपणात ती गमावली, तर मूत्रवाहिनी कुजून लघवी पोटात गळू शकते.

शिरांचेही तेच. डावी शीर लांब, जोडायला सोयीची, म्हणून दात्याचे डावे मूत्रपिंड घेण्याकडे सर्जनचा कल असतो. ही शीर महाधमनीच्या पुढून जाते. पण शंभरात दोन-तीन जणांत मागून जाते, काहींत दुभंगून महाधमनीला विळखा घालते. मागची शीर बेसावध हाताने फाटली, तर रक्त आवरणे कठीण. दात्याची सीटी अँजिओग्राफी आधी करतात, ती म्हणूनच.

काही वेगळे सापडले, की मी बाकीच्या टेबलांवरच्या मुलांनाही बोलावतो. प्रत्येकाने तो फाटा उगमापासून शेवटपर्यंत बोटाने चाचपायचा. उद्या यांच्यातला कोणी मुलासाठी आईचे मूत्रपिंड काढेल. सीटीत दिसलेल्या धमन्या तो शोधेलच. न दिसलेल्या एखाद्या बारीक धमनीसाठीही त्याची कात्री थांबली पाहिजे.