दुर्जनाच्या घरचा पाहुणा : 'द सोप्रानोज' आणि तादात्म्याचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी साहित्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आस्वादप्रक्रियेची चर्चा चालू असताना एका विद्यार्थिनीने मला एक प्रश्न विचारला होता. दीर्घ दृश्यकथनाचे उदाहरण म्हणून 'द सोप्रानोज' या अमेरिकन मालिकेतील काही प्रवेश आम्ही पाहिले होते. "सर, या माणसाला आपण खून करताना पाहतो आणि तरीही पुढच्या प्रवेशात तो केव्हा येतो याची वाट पाहतो, ते का?" असा तो साधा प्रश्न होता. मी न. चिं. केळकरांच्या 'सविकल्प समाधी'चा आधार घेऊन उत्तर दिले. उत्तर नेटके होते. तिने ते वहीत उतरवूनही घेतले. परंतु ते माझे उत्तर नव्हते, हे मला त्याच वेळी ठाऊक होते. राहून गेलेले ते उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. त्यात शास्त्र आणि स्वानुभव यांची सरमिसळ झाली आहे, आणि विषयाचे स्वरूप पाहता ती टाळता येईल असे मला वाटत नाही.

डेव्हिड चेस यांची ही मालिका एचबीओ वाहिनीवर १० जानेवारी १९९९ रोजी सुरू झाली आणि १० जून २००७ रोजी सहाव्या पर्वाबरोबर संपली. तिचे एकूण भाग ८६. न्यू जर्सीतील एका इटालियन-अमेरिकन टोळीचा म्होरक्या टोनी सोप्रानो हा तिचा नायक असून जेम्स गँडोल्फिनी यांनी ती भूमिका केली आहे. पहिल्या भागाच्या आरंभी हा धिप्पाड माणूस मनोविकारतज्ज्ञ डॉ. मेल्फी यांच्या प्रतीक्षागृहात अवघडून बसलेला दिसतो. आपला व्यवसाय तो 'कचरा-व्यवस्थापनाचा सल्लागार' असा सांगतो. त्याच्या घरच्या पोहण्याच्या तलावात रानबदकांचे एक कुटुंब उतरलेले असते. ते उडून जाते आणि तो भोवळ येऊन कोसळतो. बदके गेली तसे आपले कुटुंबही आपल्या हातून जाईल, ही भीती तो डॉक्टरांसमोर रडत कबूल करतो. ज्या हाताने तो डोळे पुसतो त्याच हाताने तो दुपारी कर्जदाराला मारहाण करतो. मालिका ही दोन्ही कृत्ये सारख्याच शांतपणे दाखवते.

अशा नायकाची अडचण ॲरिस्टॉटलला ठाऊक होती. सर्वस्वी दुष्ट माणसाचा अधःपात दाखवला तर त्यातून करुणाही उत्पन्न होत नाही आणि भीतीही नाही, असे त्याने 'काव्यशास्त्रा'च्या तेराव्या प्रकरणात म्हटले आहे. रॉबर्ट वॉर्शो या अमेरिकन समीक्षकाने १९४८ साली टोळीनायकावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात या अडचणीतून वाट काढली. त्याच्या मते टोळीनायकाला यशस्वी होणे भाग असते. यशस्वी होणे म्हणजे इतरांतून वेगळे निघून एकटे पडणे. आणि एकटे पडणे म्हणजे मरणे. आपण त्याच्याबरोबर वर चढतो आणि त्याच्या मरणामुळे सुखरूप खाली उतरतो. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून मांडलेली उपपत्ती याहून व्यापक आहे. स्वतःचे भान न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरण्यात वाङ्मयानंदाचे मूळ आहे, असे तिचे सार सांगता येईल. या तिन्ही विचारांत एक गृहीत समान आहे. प्रेक्षकाचा संबंध सरळ नायकाशी जुळतो, असे ते गृहीत आहे.

'द सोप्रानोज' पाहताना मला प्रथम शंका आली ती या गृहीताविषयी. वॉर्शोचा टोळीनायक महानगरात एकटा असतो. टोनी कधीच एकटा नसतो. त्याला कार्मेला ही बायको आहे, मेडो आणि ए. जे. ही मुले आहेत, त्याच्या वधाच्या कटाला मूक संमती देणारी आई आहे, त्या कटात सामील असलेला काका आहे. तो मुलीच्या शाळेतील गाण्याच्या कार्यक्रमाला जातो, रात्री शीतकपाट उघडून उरलेसुरले खातो, मुलाच्या गुणपत्रिकेवरून चिडतो. त्याचे घर शहरात नाही, उपनगरात आहे. प्रत्येक भागाच्या आरंभी तो गाडी हाकत बोगद्यातून बाहेर पडतो आणि त्या घराच्या दारात येऊन थांबतो. कथनाचा प्रवास दर वेळी घरी येऊन संपतो, असे या आरंभातूनच सुचवले जाते.

त्यातच कथनाच्या लांबीची भर पडते. 'पण लक्षात कोण घेतो?' ही हरिभाऊ आपट्यांची कादंबरी १८९०पासून 'करमणूक' पत्रातून क्रमशः येत होती, तेव्हा तिचे वाचक यमूच्या सासर-माहेरी जणू राहायलाच गेले असतील. साडेआठ वर्षे चाललेल्या मालिकेच्या प्रेक्षकाचे असेच होते. तो नायकाच्या भूमिकेत फारसा शिरत नाही. तो नायकाच्या घरात राहू लागतो. त्याच्या स्वयंपाकघरात कोणती वस्तू कोठे आहे हे त्याला माहीत होते. थोडक्यात, तो टोनी होत नाही, टोनीच्या घरचा पाहुणा होतो. हे मला कोणत्याही सिद्धान्तातून उमगले नाही. ते दुसऱ्या पर्वातील एका प्रसंगाने उमगले.

२००० साली प्रसारित झालेल्या 'द हॅपी वाँडरर' या भागात डेव्ही स्कॅटिनो नावाचा टोनीचा शाळासोबती येतो. खेळाच्या साहित्याचे त्याचे दुकान आहे आणि त्याला जुगाराचे व्यसन आहे. तो टोनीच्या डावात कर्ज काढून बसतो आणि एका रात्रीत बुडतो. कर्जाच्या फेडीपोटी तो स्वतःच्या मुलाची, एरिकची, गाडी टोनीच्या हवाली करतो. टोनी ती मेडोला भेट म्हणून देतो. एरिक मेडोचा सहाध्यायी आहे. शाळेच्या कार्यक्रमात ते दोघे मिळून गाणार आहेत. गाडी पाहताक्षणीच ती कोणाची हे तिला कळते. ती संतापते. पुढे कार्यक्रमाच्या वेळी एरिक गाण्यास नकार देऊन निघून जातो आणि मेडो एकटी गाते. आईवडील कौतुकाने ऐकत असतात.

हा भाग पाहताना मी उठून यंत्र बंद केले होते.

आमच्या गावी शाळा सातवीपर्यंतच असल्यामुळे पुढील शिक्षणासाठी मी तालुक्याच्या गावी मामाकडे राहिलो. मामा सावकारी करी. परवाना नव्हता, खते होती, गहाण होते आणि संध्याकाळी ओट्यावर बसून राहणारी माणसे होती. मामी त्या माणसांना न चुकता गूळपाणी देई. मामासारखा प्रेमळ माणूस मी क्वचितच पाहिला आहे. गाय व्यायला झाली की तो रात्रभर गोठ्यात बसे. म्हातारा बैल मेला तेव्हा दोन दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. मी नववीत गेलो तेव्हा त्याने मला सायकल आणून दिली. ती जुनी होती. मागच्या मडगार्डावर पांढऱ्या रंगाने लिहिलेली दोन अक्षरे कोणीतरी खरवडून काढली होती, पण ती वाचता येत होती. ती माझ्या वर्गातील एका मुलाच्या नावाची आद्याक्षरे होती. त्याच्या वडिलांना मी आमच्या ओट्यावर पाहिले होते.

मेडो संतापली. मी संतापलो नाही. मी ती सायकल तीन वर्षे वापरली. पहिले काही दिवस मी ती शाळेच्या फाटकापासून दूर, पिठाच्या गिरणीच्या आडोशाला लावत असे. नंतर फाटकाशीच लावू लागलो. त्या मुलाने माझ्याशी भांडण केले नाही. तो बोलेनासा झाला आणि सहामाहीनंतर शाळेतच येईनासा झाला. महाविद्यालयाचे शुल्कही पुढे मामानेच भरले. ज्या शिक्षणाच्या बळावर मी आयुष्यभर साहित्यशास्त्र शिकवले, त्याचा पाया त्या ओट्यावर घातला गेला होता.

भारतीय साहित्यशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही आठवण हा सरळसरळ रसविघ्न होय. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात विघ्नांत प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखांच्या अधीन होणे हे एक आहे. साधारणीकरण व्हायचे तर माझी सायकल मला रंगगृहाबाहेर ठेवून यावे लागेल. हे शास्त्र मी अनेक वर्षे निष्ठेने शिकवले आणि आजही ते मला खोटे वाटत नाही. परंतु ही मालिका नेमकी त्या विघ्नावरच उभी आहे, असे माझे मत झाले आहे. तिचे आकर्षण नायकाच्या सामर्थ्यात जेवढे आहे त्याहून अधिक ते त्याच्या ताटाला बसण्याच्या सोयीत आहे. खून दुसरा कोणीतरी करतो. ऊब, विनोद, जेवण आणि भेटवस्तू आपल्या वाट्याला येतात. दुष्कृत्यापेक्षा दुष्कृत्याचा लाभार्थी असणे हा कितीतरी अधिक सार्वत्रिक अनुभव आहे. ॲरिस्टॉटलच्या करुणेला आणि भीतीला येथे विषय मिळतो तो याच ठिकाणी. आपली भीती टोनीच्या अधःपाताविषयी नसते. आपण काय काय खाल्ले हे कोणीतरी मोजत असेल, याविषयी ती असते.

मालिकेला याची जाण होती, याचे प्रमाण तिसऱ्या पर्वातील एका छोट्या प्रवेशात मिळते. कार्मेला डॉ. क्राकॉवर नावाच्या एका वृद्ध मनोविकारतज्ज्ञाकडे जाते. ते तिला मुलांना घेऊन घर सोडण्यास सांगतात आणि हा पैसा रक्ताचा आहे म्हणून स्वतःचे शुल्कही नाकारतात. आपल्याला कोणी सांगितले नव्हते, असे तिला यापुढे म्हणता येणार नाही, याची ते जाणीव देतात. कार्मेला घरी येते आणि त्या भागाच्या अखेरीस नवऱ्याकडून मेडोच्या विद्यापीठासाठी पन्नास हजार डॉलर्सची देणगी कबूल करून घेते. विद्येच्या क्षेत्रात वावरणाऱ्यांनी हा प्रवेश पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. शुल्क नाकारणारा एक म्हातारा आणि देणगी स्वीकारणारे एक विद्यापीठ, यांपैकी आपण कोणाच्या बाजूला आहोत हे त्यातून ज्याचे त्याला कळते.

डॉ. मेल्फी यांची भूमिका मला आता समीक्षकाची वाटते. त्या टोनीला वर्षानुवर्षे समजून घेतात, त्याच्या स्वप्नांचे अर्थ लावतात, त्याच्या क्रौर्याची मुळे त्याच्या आईपाशी शोधतात. उपान्त्य भागात त्यांच्या वाचनात एक अभ्यास येतो. अशा व्यक्तींना संवादोपचाराने सुधारता येत नाही, उलट तो त्यांचे कौशल्य अधिक धारदार करतो, असे त्यात प्रतिपादन केलेले असते. लहान मुले आणि पाळीव प्राणी यांच्याविषयी गुन्हेगाराला वाटणाऱ्या हळवेपणाचाही त्यात उल्लेख असतो. टोनीचा 'पाय-ओ-माय' हा घोडा आपल्याला येथे आठवतो. मला मामाचा बैल आठवला. मेल्फी टोनीला बाहेर काढून दार लावून घेतात. १९७२च्या 'द गॉडफादर' या चित्रपटाच्या अखेरीस टोळीनायकाच्या खोलीचे दार त्याच्या बायकोच्या तोंडावर लागते. येथे दार लागते ते टोळीनायकाच्या तोंडावर. इतकी वर्षे समजून घेण्याचे काम करणाऱ्या स्त्रीला ते काम थांबवावे लागते. हा समीक्षेचा पराभव आहे की तिचे उशिरा आलेले शहाणपण, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

अखेरच्या भागात मेडो वडिलांना सांगते की, पोलिसांनी त्यांना फरफटत नेताना आपण लहानपणापासून पाहिले, म्हणून आपण वकिलीकडे वळलो. २००० साली गाडी पाहून संतापलेल्या मुलीने २००७पर्यंत त्या गाडीसाठी एक सुसंस्कृत भाषा कमावलेली असते. मीही एक भाषा कमावली होती. सविकल्प समाधी, साधारणीकरण, ताटस्थ्य हे शब्द निर्दोष आहेत. पण त्या दिवशी वर्गात मी ते वापरले ते मडगार्डावरील अक्षरे खरवडून काढण्यासाठी.

शेवटच्या प्रवेशात टोनी, कार्मेला आणि ए. जे. एका उपाहारगृहात बसले आहेत. मेडोला गाडी लावायला जागा साधत नाही. ती पुन्हा पुन्हा गाडी मागेपुढे करते. अखेर ती धावत दाराशी येते. दार उघडते, टोनी वर पाहतो आणि पडदा काळा होतो. टोनी मेला की जगला यावर तेव्हापासून पुष्कळ चर्चा झाली आहे. माझे लक्ष मात्र त्या टेबलाशी मेडोसाठी राखलेल्या जागेकडे जाते. त्या विद्यार्थिनीला मी आता सांगेन की, त्या माणसाची आपण वाट पाहतो, कारण तो आपल्यासाठी काहीतरी घेऊन येतो. आणि ते कोणाकडून आणले हे ओळखण्याइतकी अक्षरे त्यावर बहुधा शिल्लक असतात.