गळती

मोटारीच्या आजारांत गळती हा सर्वांत बेअब्रूचा आजार होय. इंजिन बंद पडले तर लोक सहानुभूतीने भोवती जमतात. चाक पंक्चर झाले तर चार अनोळखी माणसे हात लावायला पुढे येतात. परंतु ज्या मोटारीखाली रोज सकाळी तेलाचा डाग दिसतो, तिच्या धन्याकडे शेजारीपाजारी पाहतात ते निराळ्याच नजरेने. घरातले भांडण रस्त्यावर ऐकू आले म्हणजे लोक ज्या नजरेने पाहतात, तीच ती नजर.

ज्या मोटारीविषयी मी लिहीत आहे ती माझी नव्हे. ती माझ्या थोरल्या बंधूंची. दादा इंग्लंडात अभियंता होते आणि परत येताना त्यांनी ही दोन आसनांची, उघड्या टपाची, गर्द हिरवी क्रीडामोटार बरोबर आणली. निवृत्तीनंतर तिच्यासह ते पुण्यात किंवा मुंबईत राहिले असते तर कोणालाच नवल वाटले नसते. ते येऊन राहिले शहागडला, आमच्या वडिलोपार्जित घरी, आणि पूर्वी जेथे बैलांची दावण होती त्या गोठ्यात त्यांनी ही मोटार बांधली. 'बांधली' हा शब्द त्यांचाच.

शहागड म्हणजे अंबड तालुक्यातले गोदाकाठचे गाव. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निराळा झाला, त्यापूर्वी ते औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा हमरस्ता येथे गोदावरी ओलांडतो. पलीकडच्या तीरावर बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका लागतो. उसाच्या हंगामात ह्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर डुलत जाऊ लागले म्हणजे त्यांच्या चाकांच्या मध्यापर्यंतही न पोचणारी ती ठेंगणी मोटार, आणि तीत डोक्याला रुमाल बांधून बसलेले दादा, हे दृश्य मोठे मौजेचे दिसे. ट्रॅक्टरवाले त्यांना हात करीत. दादाही करीत.

दोन वर्षांपूर्वी दादा गेले. मोटार गोठ्यातच राहिली. मग फरशीवर तांबूस डाग पडू लागला. पुण्याला असलेला पुतण्या व्यवहारी आहे. त्याने गिऱ्हाईक पाहण्यापूर्वी शहरातल्या एका कारखान्यात मोटार नेऊन दाखवली. तेथे निदान झाले की, पॉवर स्टिअरिंगचा खालचा सबंध भाग परदेशाहून मागवावा लागेल, आणि त्याचा खर्च मोटारीच्या आजच्या किमतीहून अधिक होईल. सबब तिचे सुटे भाग करून विकावेत हे उत्तम. जाता जाता तेथल्या कोणी लांब दांड्याच्या पान्याने सगळे नट करकचून आवळूनही दिले. मोटार गोठ्यात परत आली आणि पूर्वीपेक्षा जास्त गळू लागली.

वहिनींचे म्हणणे थोडक्यात होते. "भाऊजी, विकायची तर खुशाल विका. ती चालवणारे कोणी राहिले नाही, हे मला कळते. पण गळकी विकायची नाही, आणि मोडून तर नाहीच. त्यांनी कधी कोणाला नादुरुस्त वस्तू दिली नाही." पासष्टी ओलांडलेल्या त्या माउलीला मोटारीचे यंत्र ठाऊक नव्हते, दादांचा स्वभाव ठाऊक होता. मी इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक, तेव्हा माझीही स्थिती यंत्राच्या बाबतीत त्यांच्याहून फारशी निराळी नव्हती. ज्याला काही करता येत नाही त्याने वाचावे, ह्या आमच्या धंद्याच्या रीतीप्रमाणे मी त्या विषयावर वाचू लागलो.

आणि खरोखर, विषय मोठा गोड निघाला. सुकाणू फिरवताना हातांना मदत व्हावी म्हणून इंजिनावर चालणारा एक पंप तेलाला दाब देतो. सुकाणूचा दांडा एका बारीक पोलादी काडीतून खालच्या दात्यांना जोडलेला असतो. आपण चक्र वळवले की ही काडी अगदी किंचित पिळली जाते; तेवढ्या पिळाने झडपेची तोंडे सरकतात आणि तेल दट्ट्याच्या हव्या त्या बाजूला धावते. चाके पुरती वळवून धरली तर हा दाब टायरातल्या हवेच्या दाबाच्या तीस-चाळीस पट होतो. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९२६ साली पिअर्स-अ‍ॅरो मोटारीवर ही योजना चालवून दाखवली. विकत मिळणाऱ्या मोटारीत ती यायला मात्र १९५१ साल उजाडले, आणि ती मोटार क्रायस्लरची होती. डेव्हिसची खरी युक्ती मला फार आवडली. झडप मिटून ठेवायची आणि तेल सदैव दाबाखाली कोंडायचे, हा रूढ मार्ग त्याने सोडला. त्याची झडप उघडी असते. तेल नुसते फिरत राहते, आणि चक्र वळले तेवढ्याच वेळी दाब चढतो. सदैव कोंडलेले तेल कोठून तरी वाट काढणारच, हे त्याने ओळखले होते.

हे ज्ञान मी वहिनींना ऐकवले. त्यांनी विचारले, "मग आपल्या मोटारीतले तेल कोठून वाट काढते?" ह्याचे उत्तर पुस्तकात नव्हते.

ते ज्याच्याजवळ होते तो मनुष्य हमरस्त्यावर ट्रॅक्टर आणि माती उकरणारी यंत्रे दुरुस्त करतो. असा मनुष्य क्रीडामोटारीला कसा हात घालणार, असे पुतण्याने फोनवर विचारले. वस्तुतः तोच योग्य होता. सुझुकीने १९८८ साली आपल्या एका चिमुकल्या मोटारीत विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग आणले, तेव्हापासून तेलाचे दिवस हळूहळू भरत आले; आजच्या नव्या मोटारींत बहुधा हे तेल नसतेच. शहरातल्या तरुण कारागिरांचा त्याच्याशी संबंध सुटत चालला आहे. परंतु ट्रॅक्टर आणि जेसीबी अजून तेलाच्याच बळावर चालतात, म्हणून ही विद्या आता उसाच्या आणि मातीच्या रस्त्यावर जिवंत आहे.

मिस्त्री मोटारसायकलीवर हत्यारांची पिशवी अडकवून आला. गोठ्यात वाकून त्याने बराच वेळ नुसते पाहिले. मी म्हणालो, "सगळीकडूनच गळते आहे असे दिसते." तो म्हणाला, "सर, समदीकडून गळतंय असं दिसतं ना, तवा गळत असती एकच जागा. बाकी नुसते वघळ."

मग त्याने जे केले ते कोणत्याही विद्यापीठाने संशोधनपद्धती म्हणून शिकवावे. रॉकेलने सगळे नळ आणि जोड धुऊन लख्ख केले, कापडाने कोरडे पुसले, आणि वहिनींकडे तोंडाला लावायची पावडर मागितली. वहिनींनी डबाच आणून दिला. त्याने प्रत्येक जोडावर पांढरी पूड भुरभुरली. आता कोणीतरी इंजिन चालू करून चक्र दोन्ही अंगांना पुरते वळवायला हवे होते. मी पुढे झालो, पण मिस्त्रीने मला विजेरी धरायला खाली बोलावले आणि म्हणाला, "काकू बसतेत की."

वहिनी त्या मोटारीत असंख्य वेळा बसल्या होत्या, पण नेहमी डावीकडे. उजव्या आसनावर त्या दोन्ही हातांनी चक्र धरून बसल्या तेव्हा क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग मिस्त्रीने खालून "फिरवा" म्हटले आणि त्यांनी फिरवले. पंपाने कण्हल्यासारखा आवाज केला. मी एका ओल्या दिसणाऱ्या नळीकडे बोट नेले तर त्याने माझे मनगट पकडले. एवढ्या दाबाने निघालेली तेलाची बारीक चिळकांडी कातडी भेदून आत शिरते, आणि ती जखम दिसायला टाचणीएवढी असली तरी बोट घालवू शकते, असे त्याने सांगितले. शोध घ्यायचा तो पुठ्ठ्याच्या तुकड्याने. त्याने पुठ्ठा धरला. पंपाजवळच्या एका जोडावर पांढऱ्या पुडीत तांबडा ठिपका उमटला, वाढला, आणि नळीवरून ओघळत थेट त्या खालच्या भागावर जाऊन टपकला, जो परदेशाहून मागवायचे ठरले होते.

हा जोड म्हणजे एक पोकळ बोल्ट, तो ज्यातून जातो तो नळीचा गोल डोळा, आणि डोळ्याच्या दोन्ही अंगांना तांब्याचे एकेक वॉशर. ह्या बोल्टाला कारागीर 'बँजो' म्हणतात; नळीसह तो डोळा त्या वाद्यासारखा दिसतो म्हणून. पूर्वी कोणीतरी आट्यांवर पांढरी फीत गुंडाळली होती. मिस्त्रीने ती नखाने सोलून काढली. "आटे वढायला असतेत, सर. तेल अडवायला नसतेत." तेल अडवते ती बैठक, म्हणजे तांब्याचा मऊ पृष्ठभाग जेथे पोलादावर सपाट बसतो ती जागा. आट्यांचे काम ती जागा दाबून धरण्याचे. गळती दिसली की लोक आटे आवळतात. आवळून तांबे आणखी कठीण होते, आणि कठीण झालेले तांबे पोलादाच्या बारीक ओरखड्यांत शिरत नाही. मग गळते. मग पुन्हा आवळतात.

त्या मापाची वॉशरे शहागडात त्या दिवशी मिळेनात. मिस्त्रीने जुनीच तारेत ओवून वहिनींच्या गॅसच्या ज्योतीवर लालबुंद होईपर्यंत धरली आणि पाण्याच्या भांड्यात सोडली. मला वाटले, आता ती पोलादाच्या पात्यासारखी अधिकच ताठ होणार. परंतु तांब्याची जात निराळी. ठोकल्याने ते हट्टी होते आणि विस्तवात तापवल्याने पुन्हा शहाणे होते. पुण्याच्या तांबट आळीत हंडा घडवताना ठोके आणि भट्टी असे आळीपाळीने चालते, त्याचे कारण हेच. मिस्त्रीने वॉशर पॉलिशच्या कागदावर घासून सपाट केले, जागेवर बसवले आणि आखूड पान्याने, दोन बोटांच्या जोराने म्हणावे इतकेच, आवळले. "बास?" मी विचारले. "बास."

पुढची चाके जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, वहिनींनी मिस्त्रीच्या सांगण्याप्रमाणे चक्र वीस वेळा इकडून तिकडे फिरवले. नळ्यांत शिरलेली हवा अशी फिरवूनच काढावी लागते. टाकीत बुडबुडे येत राहिले तोवर तेल घालायचे, फिरवायचे. वीस झाल्यावर त्या म्हणाल्या, "आणखी फिरवू?" मिस्त्री म्हणाला, "फिरवा की. तुमचीच हाय." इंजिन सुरू झाले तेव्हा ते कण्हणे थांबले होते.

रात्री मोटारीखाली वर्तमानपत्र पसरले. सकाळी त्यावर एक थेंब होता. अग्रलेखाच्या बरोबर मध्यावर.

मला उगीचच फार वाईट वाटले. मिस्त्रीला मुळीच वाटले नाही. पहिली गळती थांबल्याशिवाय दुसरी दिसत नसते, एवढेच तो म्हणाला. ही दुसरी परतीच्या नळीवरची होती, जेथे दाब अगदी थोडा असतो. तेथे तांबे नसून रबराचे बारीक कडे होते. ह्या कड्याची कथा मी वाचली होती. नील्स क्रिस्टेन्सन नावाच्या, डेन्मार्कातून अमेरिकेत गेलेल्या अभियंत्याने सत्तरी ओलांडल्यावर, १९३७ साली, ह्याच्या पेटंटासाठी अर्ज केला. त्यातले मर्म असे की, तेलाचा दाब जितका वाढतो तितके ते कडे फटीत अधिक घट्ट चेपले जाते. शत्रूच्याच बळाने दार लागते. पण दाब नसताना ते केवळ आपल्या लवचीकपणावर तग धरते. दोन वर्षे मोटार हलली नव्हती. कडे एका अंगाने चपटे होऊन तसेच राहिले होते. चालत्या मोटारीत ते गळत नव्हते, उभ्या मोटारीत गळत होते. मिस्त्रीने डबीतून त्या मापाचे नवे कडे काढले. ब्रेकचे रबर येथे चालत नाही, ते ह्या तेलात फुगते, असे सांगून मी न विचारलेल्या प्रश्नाचेही उत्तर दिले.

त्या दिवशी सायंकाळी वहिनींना बसवून मी मोटार काढली. आम्ही पुलावरून गेवराईच्या बाजूला गेलो आणि वळून परत आलो. गोदावरीला पाणी बेताचे होते. सुकाणू हातात हलके होते, तरी रस्त्याचा खडबडीतपणा बोटांना कळत होता; जुन्या तेलाच्या यंत्रणेचे चाहते हिच्यासाठीच हळहळतात, आणि मला वाटते, त्यांचे खरे आहे. पुलाच्या मध्यावर वहिनी म्हणाल्या, "तुम्ही फार सावकाश चालवता." नंतर बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "ते चालवायचे तेव्हा मी डोळे मिटून घेत असे. नदी पाहायची राहूनच गेली."

त्यानंतर सलग सात दिवस त्या वर्तमानपत्र बदलत राहिल्या. सातही कोरडे निघाले. मग त्यांनी स्वतः पुतण्याला फोन करून गिऱ्हाईक पाहायला सांगितले.

दिवाळीनंतर कोल्हापूरचे एक गृहस्थ मोटार घेऊन गेले. त्यांनी गुडघे टेकून खाली पाहिले, जोडांवर बोट फिरवले आणि बोट कोरडे निघाल्याचे पाहून काम कोणी केले म्हणून विचारले. वहिनींनी मिस्त्रीचा पत्ता एका कागदावर लिहून दिला. किल्ल्यांबरोबर तेलाची अर्धी बाटली आणि मिस्त्रीने मागाहून मागवून दिलेल्या तांब्याच्या दोन नव्या वॉशरांची पुडीही दिली, आणि आवळताना आखूड पाना वापरायचा, असे त्यांना दोनदा बजावले.