समोरचा वारा

मराठी शिकवणाऱ्या माणसाने विमानांविषयी का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडला तर तो रास्तच म्हणावा लागेल. विमानात बसण्याचा योग मला आयुष्यात चार-पाच वेळाच आला आणि त्यातही खिडकीची जागा एकदाच मिळाली. तरीही गेले वर्षभर मी एका चमत्कारिक नादाला लागलो आहे. जिथे विमान उतरायला जागा आहे असे कुणालाही वाटणार नाही, तिथे ते उतरवणाऱ्या माणसांच्या चित्रफिती मी रात्री जेवणानंतर बघत बसतो. त्या मला पाठवतो माझा एक जुना विद्यार्थी. हे टिपण खरे तर त्याच्याविषयी आहे, आणि मी त्याला एकदा ऐकवलेल्या एका वाक्याविषयी.

अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर व्हाल्डेझ नावाचे एक छोटे गाव आहे. तिथे मे महिन्यात वैमानिकांचा मेळावा भरतो आणि त्यात कमीत कमी अंतरात उडण्याची आणि उतरण्याची स्पर्धा होते. नियम लहान मुलालाही कळतील असे आहेत. जमिनीवर एक आडवी पांढरी रेषा असते. विमान त्या रेषेवर उभे राहते आणि तिथून चाके जमीन सोडेपर्यंतचे अंतर पंच मोजतात. मग एक घिरटी घालून परत यायचे, रेषा ओलांडल्यावर चाके टेकवायची आणि विमान पूर्ण थांबवायचे. रेषेपासून थांबण्याच्या जागेपर्यंतचे हे दुसरे अंतर. दोन्हींची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजेता. रेषेच्या अलीकडे चाक टेकले, मग ते बोटभर का असेना, तर ती फेरी बाद.

स्पर्धा म्हटली की अधिक उंच, अधिक वेगवान, अधिक दूर अशीच भाषा आपल्या कानांना सवयीची आहे. इथे मात्र सगळी चढाओढ कमी लागण्याची. २०१८ साली याच मेळाव्यात डॅन रेनॉल्ड्स नावाच्या वैमानिकाने चाके टेकवून ९ फूट ५ इंचांत विमान थांबवले. मुंबईच्या लोकलच्या डब्याची रुंदीदेखील याहून जास्त भरते. अशा उतरण्याचे कसब नंतर शहरी झगमगाटातही जाऊन पोहोचले. मार्च २०२३मध्ये ल्यूक चेपिएला या पोलिश वैमानिकाने दुबईच्या बुर्ज अल अरब हॉटेलच्या माथ्यावरील २७ मीटर व्यासाच्या हेलिपॅडवर पंखांचे विमान उतरवून दाखवले. पण या विद्येचा जन्म झगमगाटात झालेला नाही. अलास्काच्या बहुतेक वस्त्यांना रस्ता नाही. टपाल, औषधे, किराणा, आजारी माणूस, सारे विमानाने जाते, आणि ते विमान बऱ्याचदा नदीच्या पात्रातल्या गोट्यांच्या पट्टीवर उतरवावे लागते. म्हणून ही विमाने हलकी, फुगऱ्या चाकांची आणि रुंद पंखांची. ती दिसतातही ओबडधोबड. गरजेतून आलेले कौशल्य पुढे खेळ झाले, एवढेच.

रस्ता नसलेली वस्ती आणि मध्ये पाणी हे चित्र आम्हा वैतरणेकाठच्या माणसांना परके नाही. त्र्यंबकेश्वराच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी विरारच्या उत्तरेला समुद्राला मिळते. तिचे बरेचसे पाणी त्याआधीच धरणांत अडवले जाऊन नळाने मुंबईला जाते. खाली उरते ती खाडी. वैतरणा आणि सफाळे या दोन स्थानकांच्या मध्ये रेल्वे ही खाडी दोन पुलांनी ओलांडते, क्रमांक ९२ आणि ९३. त्या दोन पुलांच्या मध्ये, खाडीच्या पोटात, वाढीव-वैतीपाड्याची वस्ती आहे. तिथली माणसे वर्षानुवर्षे एकतर होडीने गेली नाहीतर रेल्वेच्या पुलाच्या कडेने, मागून येणाऱ्या गाडीचा कानोसा घेत चालत गेली. पुराणांतली वैतरणी जीवाने मेल्यावर एकदाच ओलांडायची असते, तिला परतीची फेरी नाही. इथल्या शाळकरी पोरांनी ती दिवसातून दोनदा ओलांडली.

माझा हा विद्यार्थी या खाडीकाठचाच. त्याचे वडील होडी चालवत. मी मूळचा घाटावरचा. पालघरला नोकरीला आलो तेव्हा खाडी हा शब्द मला केवळ पुस्तकातून माहीत होता. २०१०च्या सुमारास हा मुलगा अकरावीत माझ्या वर्गात होता. निबंधाचा विषय मी नेहमीचाच दिला होता, ‘माझे स्वप्न’. त्याने वैमानिक होण्याविषयी लिहिले. लिहिले चांगले होते. ठरावीक आकाश, ठरावीक गरुडभरारी त्यात नव्हती. विमान उडते कसे याविषयी दीड पान होते आणि त्यात होडीचा उल्लेख होता. तो भाग मला विषयांतर वाटला म्हणून मी त्यावर लाल रेघ मारली. वही परत देताना त्याला जवळ बोलावून म्हणालो, ‘‘अरे, उडायला नुसते पंख पुरत नाहीत, धावपट्टीही लागते. तुझ्या गावाला तर अजून रस्ताही नाही.’’

आज कबूल करायला लाज वाटते, पण ते वाक्य मला तेव्हा आवडले होते. त्यात तोल होता, प्रतिमा होती, शेवटी हलका धक्का होता. शिक्षकांच्या खोलीत मी ते दोघा-तिघांना ऐकवलेही. हेतू वाईट नव्हता. वैमानिकाच्या प्रशिक्षणाला लाखो रुपये लागतात हे मला ठाऊक होते आणि होडीवाल्याच्या मुलाला वेळीच जमिनीवर आणणे हे आपले कर्तव्य आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. तो काही बोलला नाही. ‘‘बरं सर,’’ म्हणाला आणि वही घेऊन गेला. पुढे त्याने आयटीआय केले आणि बोईसरला तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तो कामाला लागला. आजही तिथेच पाळ्यांमध्ये काम करतो.

मध्यंतरी बरीच वर्षे आमचा संपर्क नव्हता. तो पुन्हा जुळला तो कॅप्टन अमोल यादव यांच्यामुळे. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर या मराठी वैमानिकाने सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६मध्ये ते ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात मांडले गेले. नोव्हेंबर २०१७मध्ये त्याला नोंदणी मिळाली. फेब्रुवारी २०१८मध्ये राज्य सरकारने त्यांच्याशी सामंजस्य करार केला आणि विमानांच्या कारखान्यासाठी पालघर जिल्ह्यातल्या जागेची घोषणा झाली. त्या आठवड्यात माझ्या मोबाईलवर एका अनोळखी क्रमांकावरून वृत्तपत्राचे कात्रण आले. खाली एवढेच लिहिले होते : ‘सर, आपल्या पालघरला.’ आपले नावही त्याने लिहिले नव्हते. मी ओळखीन, याची त्याला खात्री असावी.

२०२०मध्ये यादव यांचे विमान धुळ्याच्या धावपट्टीवरून उडाले, तेव्हाही त्याचा निरोप आला. गच्चीला धावपट्टी नसते, हे मला त्याने सुनावले नाही. ते मीच मला सुनावले.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. अशा कथांचे आपण फार लवकर सुभाषित करतो. अमोल यादव हे नोकरी करणारे प्रशिक्षित वैमानिक होते, त्यांच्यामागे अख्खे कुटुंब उभे राहिले होते, आणि तरीही नोंदणी आणि परवानगीच्या वाटेवर त्यांची वर्षानुवर्षे गेली. ‘इच्छा असली की मार्ग सापडतो’ हे तात्पर्य त्या मुलाच्या हाती ठेवणे माझ्या जुन्या वाक्याइतकेच खोटे ठरले असते. त्याचा पैशाचा प्रश्न खरा होता. माझी चूक निराळ्या जागी होती, आणि ती मला समजायला त्याच्या वडिलांच्या होडीत बसावे लागले.

ते गेल्या दिवाळीनंतरचे. त्याने घरी जेवायला बोलावले होते. निघालो तेव्हा ओहोटी जोरात लागली होती. वडील आता थकले आहेत, तरी त्या दिवशी वल्हे त्यांनीच धरले. पलीकडचा धक्का समोर आला तसे मला वाटले, आता आपण सरळ जाऊन लागणार. पण त्यांनी धक्का थोडा मागे पडू दिला, मग होडीचे तोंड वळवून पाण्याच्या ओढीच्या विरुद्ध केले आणि सावकाश वल्हवत राहिले. होडी पाण्यातून पुढे जात होती, पण काठाच्या मानाने ती जवळजवळ उभीच होती. तेवढ्यात आमच्या पायांखाली पायरी आली. धक्क्याला साधी ठेचही लागली नाही.

‘‘काका, ओढीबरोबर आलो असतो तर लवकर पोचलो नसतो का?’’ मी विचारले.

‘‘पोचलो असतो की मास्तर,’’ ते म्हणाले. ‘‘थांबलो नसतो.’’

मुलगा हसला. म्हणाला, ‘‘सर, व्हाल्डेझला हेच करतात. वारा समोरून घेतात.’’ मग त्याने मला ते समजावून सांगितले. विमानाला उचलून धरते ती पंखांवरून वाहणारी हवा. जमीन किती वेगाने मागे सरकते याच्याशी पंखांना काही देणेघेणे नसते. हवेत टिकून राहायला एखाद्या हलक्या विमानाला ताशी ४० किलोमीटरचा वेग लागत असेल आणि समोरून ताशी २५ किलोमीटरचा वारा येत असेल, तर जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग उरतो अवघा १५. म्हणून ते चार पावलांत उडते आणि चार पावलांत थांबते. वारा पाठीशी असेल, तर त्याच विमानाला कितीतरी लांब पट्टी लागते.

‘‘हे मी निबंधात लिहिलं होतं,’’ तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. ‘‘होडीचं उदाहरण घेऊन.’’

लाल रेघेखालचा मजकूर तो होता. ते विषयांतर नव्हते, निबंधाचा गाभा होता. मी धावपट्टीची लांबी मोजत बसलो होतो आणि अकरावीतला मुलगा मला सांगत होता की लांबी हा अर्धाच प्रश्न आहे. जे समोरून येऊन आपल्याला अडवते, त्याच्याकडे तोंड कसे करायचे, हा उरलेला अर्धा. मी त्याचे लेखन तपासले होते, वाचले नव्हते. आणि निकाल तर चाक रेषेच्या बऱ्याच अलीकडे टेकवून दिला होता. व्हाल्डेझला ती फेरी बाद ठरली असती. वर्गात ती ठरवायला पंच नसतो. साहित्य शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांचा धोका बहुधा हाच असावा. नीट जुळलेले वाक्य हाती आले की ते खरेही असणार, असे आपल्याला वाटू लागते.

असो. त्या दिवशी जेवताना त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. सुटीच्या दिवशी तो गावातल्या मुलांना घेऊन थर्मोकोलची छोटी विमाने बनवतो आणि केळव्याच्या किनाऱ्यावर ती रिमोटवर उडवतो. ओहोटीला वाळू दूरवर उघडी पडते, ओली आणि घट्ट असते. या जानेवारीत त्याने मुलांची स्पर्धा ठेवली, नियम व्हाल्डेझचेच. ‘‘सर, रेषेवर उभे राहाल का?’’ असे त्याने विचारले.

मी उभा राहिलो. सुरूच्या झाडांकडे पाठ करून, हातात लाल रुमाल घेऊन. टाचेने ओढलेली रेषा आणि शिंप्याकडून आणलेली मोजपट्टी एवढेच साहित्य. वारा समुद्राकडून येत होता, म्हणून सगळ्यांची तोंडे समुद्राकडे. नऊ मुले होती. पहिल्या विमानाचे नाक वाळूत रुतले. दोघांची चाके रेषेच्या अलीकडे टेकली आणि मला रुमाल वर करावा लागला. तो स्वतः स्पर्धेबाहेर, पण मुलांच्या आग्रहाखातर एक फेरी उडवायला उतरला. त्याचे विमान फार सुंदर आले, अगदी तरंगत, आणि चाक रेषेच्या चार बोटे अलीकडे टेकले. तो माझ्याकडे बघत होता. मी क्षणभर थांबलो, वाकून नीट पाहिले आणि रुमाल वर केला. तो मोठ्याने हसला आणि विमान उचलून बाजूला झाला.

जिंकली ती नववीतली एक मुलगी. तिचे विमान सगळ्यांत कुरूप होते. पंखाला चिकटपट्टीची तीन ठिगळे होती. वाऱ्याची झुळूक येईपर्यंत ती थांबून राहिली, बाकीची मुले ‘सोड, सोड’ म्हणून ओरडत असतानाही. झुळूक आली तसे तिने विमान सोडले. ते जवळजवळ उभेच उचलले गेले, फिरून आले आणि रेषा ओलांडून वाळूवर बसले. मी मोजले. उड्डाण अडीच फूट, उतरणे पावणेदोन. बेरीज सव्वाचार फूट.

मुले माझ्याभोवती जमली. सर काहीतरी बोलतील, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. तो जरा मागे उभा होता. जिभेवर एक वाक्य आलेही होते, चांगले जुळलेले. मी ते बोललो नाही. बेरीज पुन्हा एकदा तपासली, तिला आकडा सांगितला आणि तिचे विमान उडते कसे ते मला समजावून सांग, असे म्हणून वाळूवर बसलो.